दहाच्या खाली

१

रोज दुपारी चार वाजता बाबांचा उजवा हात कामाला लागायचा. तोवर तो मांडीवर नुसता पडून असायचा, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा. चारला आत्या खिडकीचा पडदा अर्धा ओढायची, कॅसेट दोनदा फुंकून व्हिडिओ गेमच्या डब्यात घालायची आणि कंट्रोलर आपल्या भावाच्या दोन्ही हातांत अडकवायची.

"घे, तुझा गडी आला. त्याला तरी पाडू नकोस आज."

गडी म्हणजे त्या खेळातला कंदीलवाला माणूस. एका भल्यामोठ्या घरात एका दारातून दुसऱ्या दारात तो पळत राहायचा, आणि वाटेत जमिनीला खड्डे असायचे. डाव्या अंगठ्याने त्याला पळवायचं, उजव्याने उडी मारायला लावायची. खेळ एवढाच. त्यांची मुलगी ठकू सात वर्षांची असताना तो डबा घरात आला होता, आणि तेव्हा बाबांनी त्याला कधी हातही लावला नव्हता. पण आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, आणि हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, काहीही करा पण तो अंगठा हलता ठेवा. तेव्हा आत्याने माळ्यावरून हा डबा काढला.

आठ महिन्यांत बाबा तिसऱ्या खड्ड्यापर्यंत आले होते. पहिले दोन महिने तर पहिल्याच खड्ड्यात गेले. पण ते तीन खड्डे त्यांचे स्वतःचे होते. घामाघूम होऊन मिळवलेले.

ठकू परत आली ती नेमकी अशा एका दुपारी. सहा वर्षं लांब राहून ती पडद्यावर चित्र कसं उमटतं हेच शिकली होती, आणि तिच्या पेटीत कपड्यांपेक्षा वायरी जास्त होत्या. दारातच उभी राहून तिने बाबांचा अंगठा बघितला. तो थरथरला, थांबला, आणि दाबला गेला. जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीत गडी उडी मारून पलीकडे गेला.

तिला रडू आलं. आणि तिचं पहिल्यापासून असंच होतं, रडू आलं की पाठोपाठ योजना सुचायची.

२

योजना साधी होती. गावातल्या किती घरांच्या माळ्यांवर असे डबे धूळ खात असतील! ते गोळा करायचे. हॉस्पिटलमध्ये एक खोली घ्यायची आणि हात गेलेल्या आठ माणसांना रोज तासभर खेळवायचं. डॉक्टरबाईंनी खोली दिली, आठ माणसंही नक्की केली. त्यांत एक शिंपी होता, एक शाळेतली बाई होती, एक बस चालवणारा होता. पुढच्या पंधरवड्यातला सोमवार ठरला. अडचण टीव्हींची होती. आपल्या घरातला चालू जुना टीव्ही कोण देणार? म्हणून एका कंपनीने देऊ केलेले नवे, चपटे, लख्ख पडदे घ्यायचे ठरलं. त्यांतला एक ठकूने आधी घरी आणला.

"आता बघा," असं म्हणत तिने वायर खोचली.

जुन्या टीव्हीत त्या घराच्या भिंती मऊ दिसायच्या, कंदिलाचा उजेड धुक्यासारखा पसरायचा. इथे सगळं चौकोनांचं होतं. भिंती चौकोनांच्या, उजेड म्हणजे पिवळ्या ठिपक्यांची जाळी, आणि कडेने खोलीचा बोटभर जास्त भाग दिसत होता. जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे तो आजवर दडलेला होता.

"शी! याला कुणी खडबडीत केलं गं?" आत्या म्हणाली.

"खडबडीत नाही, आत्या. खरं आहे हे. बनवणाऱ्याने ठिपका ठिपका असाच काढला होता. जुना टीव्ही सगळं फिसकटवून दाखवायचा. लोकांनी इतकी वर्षं अर्धवट बघितलं. का बघायचं अर्धवट?"

"बरं बाई. तुझं खरं."

बाबा मात्र गड्याकडे बघत होते. बोलताना त्यांची जीभ अजून जड पडायची. "हा... इकडे बघतोय."

ठकू वाकली. जुन्या टीव्हीत गडी पुढे, वाटेकडे बघत पळतोय असं वाटायचं. आता स्पष्ट दिसत होतं की चेहऱ्यावर दोन काळे चौकोन आहेत, शेजारी शेजारी, दोन्ही समोर. गडी पळत उजवीकडे होता आणि बघत बाहेर होता.

"एक डोळा रंगात मिसळून जायचा, बाबा. म्हणून बाजूने दिसायचा. तो पहिल्यापासून असाच बघत होता."

हे आपण धीर द्यायला सांगतोय की कसं, ते तिला बोलून झाल्यावर कळेना.

३

तिला खरी काळजी वेगळीच होती. नवे पडदे चित्र दाखवायला उशीर लावतात. आलेलं चित्र आधी आत घोळवतात, मोठं करतात, मग दाखवतात. निरोगी माणसाला ते कळतही नाही. पण जो अंगठा सगळा जीव एकवटून दाबतोय, त्याला उत्तर उशिरा मिळालं तर तो हिरमुसेल. म्हणून तिने मोजायचं ठरवलं.

मोजायची रीत तिच्या हातातली होती. मोबाइल तिकाटण्यावर लावायचा, अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत घ्यायचे आणि अतिशय सावकाश चालणारा व्हिडिओ काढायचा. एका सेकंदाची दोनशे चाळीस चित्रं. मग अंगठा दाबल्यापासून गडी उडी मारेपर्यंत किती चित्रं गेली, ती एकेक करून मोजायची.

जुन्या टीव्हीवर ती दहा भरली. दहा वेळा मोजली, दहाही वेळा दहा. हे दहा टीव्हीचे नव्हतेच. ते डब्याचे स्वतःचे होते. अंगठा दाबला हे कळून गड्याला हलवायला डब्यालाच तेवढं लागायचं. म्हणजे जगातला कुठलाही पडदा लावला तरी दहाच्या खाली जाणं शक्य नाही.

नव्या पडद्यावर चाळीस भरली. मग तिने त्याच्यातले सगळे लाड बंद केले, चित्र गुळगुळीत करणं, उजळ करणं, सगळं. पंचवीस झाली.

"पंचवीस चालतील," तिने वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः अर्धा तास खेळून पुन्हा सगळं तपासलं. दुपारी बाबांचं मोजलं. एकोणीस.

तिने काहीच बदललं नव्हतं. वायर तीच, खुर्ची तीच. पडदा तापल्यावर चपळ होत असेल, असं तिने लिहिलं, आणि ते लिहिताना तिला बरंही वाटलं. आकडा हव्या त्या दिशेने चालला होता. त्याच्याशी कशाला भांडायचं?

४

जुना टीव्ही तिने कोपऱ्यावरच्या टीव्हीवाल्या काकांना देऊन टाकला. त्यांच्या दुकानात उघडे टीव्ही एकावर एक रचलेले असायचे आणि मधल्या फटीत काका. चष्मा कपाळावर, कानामागे स्क्रूड्रायव्हर.

"अरेच्चा, इंजिनीअरबाई! हा माझाच पेशंट. याचं चित्र मी तीनदा ताणलंय."

"मला ते विचारायचंच होतं, काका. कडा का कापता तुम्ही? डबे गोळा करताना गावातला एकेक टीव्ही बघितला मी. तुमच्या हातून गेलेल्या प्रत्येकाचं चित्र दोन बोटं चौकटीच्या बाहेर. आणि चित्राच्या रेषांची धारही कमी केलेली. लोकांना पूर्ण चित्र बघायचा हक्क आहे की नाही?"

काका हसले. "हक्क! सहा वर्षांत हे शिकवलं होय तिकडे? अगं, टीव्ही म्हातारा झाला की चित्र आत आक्रसतं. कडेने काळी पट्टी दिसते. गिऱ्हाईक ओरडतं. म्हणून ताणायचं."

"आणि धार?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर सारला. "ज्यांनी मला काम शिकवलं ते म्हणायचे, बघणाऱ्यासाठी थोडं राखून ठेव. थोडं त्याच्या डोळ्याला भरू दे. सगळंच पलीकडून भरून आलं, तर इकडच्याने करायचं काय?" मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "आता ते काय एवढे शिकलेले नव्हते. तू मनावर घेऊ नकोस."

ठकूने मनावर घेतलं नाही. उलट परत येताना तिने तावातावाने एक भाषण मनात रचलं, अंधुक बघायची सवय आणि अंधुक जगायची सवय यांवर. चांगलं जमलं होतं ते.

जुना टीव्ही काकांनी मोडायला घेतला नाही. फटीत सरकवून ठेवला.

५

चौथ्या दिवशी बारा. त्याच दिवशी बाबांनी सहावा खड्डा पार केला.

आत्याने कानशिलावर बोटं मोडून "दृष्ट नको लागायला" म्हटलं. डॉक्टरबाई फोनवर फार खूश झाल्या. "तू काय केलंस माहितेय तुला? आठ महिन्यांचं काम चार दिवसांत! आठही पडदे मागवतेय मी."

पाचव्या दिवशी चार.

ठकूने व्हिडिओ मागे घेतला. अंगठा खाली. एक, दोन, तीन, चार. गडी हवेत. पुन्हा मोजलं. चारच. डब्याचे दहा कुठे गेले? डब्याला कळायच्या आत गडी उडाला कसा? अंगठा नेमका कधी दाबला गेला ते आपल्याला नीट दिसत नसेल, तिने स्वतःला समजावलं. सावली पडत असेल. तिने दिवा जवळ ओढला, कंट्रोलरच्या बटणाला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला आणि सकाळी पुन्हा स्वतः खेळून बघितलं. आपलाही खेळ हल्ली फार सुधारलाय, हे तिच्या लक्षात आलं. खड्डा यायच्या आत बोट तयार असायचं. विचार करावाच लागत नव्हता.

स्वयंपाकघरात आत्या कपबश्या पुसत होती. पाठ न वळवता म्हणाली, "एक सांगू? रागवू नकोस."

"सांग ना."

"सकाळी याला आंघोळ घालते ना मी. आधी तो हात माझ्या खांद्यावर ठेव म्हटलं की ठेवायचा. कण्हत, पण ठेवायचा. गेले चार दिवस ठेवत नाही. पिशवीसारखा लोंबतो. आणि चार वाजले की असा चालतो, जणू काही झालंच नव्हतं."

"दमत असेल गं खेळून."

"हं," आत्या म्हणाली. "असेल." तिने पुसलेलीच बशी पुन्हा पुसायला घेतली.

६

सातव्या दिवशी बाबांचा गडी दहाव्या दारातून पलीकडे गेला.

व्हिडिओ बघायला ठकू मुद्दाम अंगणात गेली. बाहेर लख्ख ऊन होतं, कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. अशा ठिकाणी माणसाचं डोकं ताळ्यावर राहतं. तिने चित्रं एकेक करून पुढे सरकवली. खड्ड्याच्या काठावर गडी. बाबांचा अंगठा वर, बटणापासून सुटलेला. पांढरा ठिपका स्वच्छ दिसतोय.

गडी उडाला.

अंगठा वरच.

एक, दोन, तीन... अकरा. मग अंगठा खाली गेला.

सायकलवाल्याचा पंप फसफसत होता. ठकूने दुसरी उडी बघितली. उणे अकरा. तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी आधी गडी, मग अंगठा. मध्ये अकरा चित्रांचं अंतर, नेमकं, जराही चुकत नव्हतं.

ती आत आली. बाबा अजून खेळत होते. तिने पडद्यामागे हात घालून कंट्रोलरची वायर डब्यातून उपटली.

गडी पळतच होता. खड्डा आला, गड्याने उडी मारली, आणि बाबांच्या अंगठ्याने, मागोमाग, वायर सुटलेल्या कंट्रोलरचं बटण दाबलं. ते दोन काळे चौकोन बाबांकडे लागले होते.

"बाबा, तुम्ही दाबत नाही आहात."

"ठाऊक आहे." आज जीभ जड नव्हती. शब्द सुटे, स्वच्छ येत होते, आणि तेच तिला सगळ्यात नकोसं वाटलं.

"कधीपासून?"

"आणलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सुरुवातीला मी दाबायचो. मग वाटलं, कुणीतरी हाताखाली हात धरलाय. लहानपणी तुला मी अक्षर गिरवायला धरायचो ना, तसं." ते हसले. "हात हलतोय ना, ठकू? आठ महिने तो मेलेला होता. कोण हलवतंय याच्याशी मला काय करायचंय?"

तिने पडद्याचं बटण बंद केलं. हात कोसळला. मांडीवर नाही, मांडीच्या बाजूला, जिथे जाईल तिथे.

७

जुना टीव्ही काकांनी स्वतः आणून दिला. जोडून झाल्यावर पुन्हा दोन बोटं चित्र ताणलं आणि म्हणाले, "सावकाश घ्या हं, बाबासाहेब."

धुकट भिंती, धुकट कंदील. गडी वाटेकडे बघत उभा. ठकू बाबांच्या पायाशी बसली. "पहिला खड्डा. घाई नाही."

अंगठा हलला नाही. गडी चालत गेला आणि पडला. पुन्हा चालत गेला, पुन्हा पडला. बाबांच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर फुगली, ओठ वाकडा झाला, आणि अंगठा थरथरलासुद्धा नाही. आठ महिन्यांत त्यांनी कण्हत कण्हत जे मिळवलं होतं, ते सगळं कुणीतरी सात दिवसांत उचलून नेलं होतं.

"लाव ते," बाबा म्हणाले. जीभ पुन्हा जड. "ते... दुसरं."

"नाही, बाबा."

"तूच म्हणालीस. अर्धवट का... बघायचं."

वाक्य तिचंच होतं. तिने तो चपटा पडदा उचलला आणि तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात ठेवला. त्याची वायर आधीच भिंतीतून काढलेली होती; प्लग तिच्या मुठीत होता. आत्या बाबांचा हात आपल्या हातात घेऊन चोळत बसली. "अरे, होईल. पुन्हा होईल. पहिल्यापासून करू आपण. मला कुठे जायचंय?"

तेवढ्यात ठकूच्या मोबाइलवर डॉक्टरबाईंचा निरोप आला. 'पडदे आलेत! आठही माणसं उद्याच येतो म्हणतायत, सोमवारपर्यंत धीर नाही. आत्ता लावून घेऊ का?'

तिच्या डोळ्यांसमोर शिंपी आला, शाळेतली बाई आली. रोज एकेक मणी ओवून हात परत मिळवणारी माणसं. तिने मनात वाक्य जुळवलं. 'लावू नका. मोजण्यात गंभीर चूक झाली आहे. मी येऊन सांगते.' अगदी सोपं वाक्य.

"ठकू," आत्याचा आवाज आला, अगदी हळू. "बघ गं इकडे."

आत्याच्या हातात बाबांचा हात होता. त्याचा अंगठा हलत होता. थांबत होता, दाबला जात होता, थांबत होता. कोपऱ्यात, पडदा आणि भिंत यांच्या चिंचोळ्या फटीत, भिंतीच्या रंगावर एक पिवळसर उजेड पडला होता. उजेड जरा उजवीकडे सरकला. थबकला. उडाला. मग अंगठा.

तिने मूठ उघडून बघितली. प्लग तिथेच होता, पितळी टोकं थंड.

आधी निरोप. निरोप गेला पाहिजे, बाकी मग. ठकूने मोबाइल समोर धरला आणि लिहायला लागली. घाईत तिचा अंगठा भराभर चालला, इतका सराईत की बघावंही लागत नव्हतं. पण इतकी वर्षं पडद्याकडे बघायलाच शिकलेली होती ती, डोळा आपोआप काचेवर गेला.

काचेवर 'हो' उमटलं. मग तिचा अंगठा त्या अक्षरावर टेकला.

ती थांबली. निदान थांबायचं ठरवलं. 'आत्ताच लावा' उमटलं. अंगठा एकेक अक्षर गाठत मागोमाग गेला, गिरवल्यासारखा. 'आठही.'

आत्या काहीतरी विचारत होती. निरोप गेल्याची खूण झाली.

आणि मग, किंचित उशिराने, ठकूच्या अंगठ्याने तो पाठवला.